घरांतील संगणकाचा बिनतारी कान

येडगांवच्या रहिवाशास दोन मोठ्या गोष्टींचा शेजार लाभला आहे. गांवाला लागूनच कुकडी नदीवरचें धरण आहे. वरच्या धरणांचें पाणी येथें एकत्र होतें आणि येथून निघालेला डावा कालवा अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतील दूरदूरच्या शेतांपर्यंत जातो. दुसरा शेजार नारायणगांवच्या पलीकडे, खोडद येथील प्रचंड रेडिओ-दुर्बिणीचा. पहिल्या शेजाऱ्यापासून पाण्याचा हिशेब शिकावा आणि दुसऱ्यापासून लहरींचा, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. त्याचें निमित्त मात्र अगदीं क्षुल्लक, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या एका डबीचें आहे.

ही डबी म्हणजे यूएसबी वाय-फाय ॲडॉप्टर. बाजारांत हिला 'डोंगल' म्हणतात. लॅपटॉपांत व मोबाईलांत वाय-फायच्या लहरी घेण्याची सोय मुळांतच असते. परंतु टेबलावर ठेवण्याच्या संगणकांत, विशेषतः जुन्या संगणकांत, ती पुष्कळदां नसते. ही डबी संगणकाच्या यूएसबी खोबणींत बसविली कीं ती राउटरचें बोलणें ऐकते व संगणकाचें बोलणें राउटरला ऐकविते. म्हणजे ती संगणकाचा कानही आहे आणि मुखही. आमचे स्नेही व जुने विद्यार्थी अलीकडे आम्हांस विचारतात, "सर, कोणतें डोंगल घ्यावें?" याचें उत्तर देण्याचा आमचा अधिकार एवढाच कीं, या बाबतींतल्या बहुतेक सर्व चुका आम्हीं स्वतः करून पाहिल्या आहेत. वाचकांनीं त्या पुन्हां करूं नयेत म्हणून हा लेख.

अडचण कशी उद्भवली

आमच्या धाकट्या सूनबाई गणित विषय घेऊन पदवीधर झाल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं दहावीच्या मुलींसाठीं सायंकाळची शिकवणी संगणकावरून सुरू केली. जुन्नर तालुक्यांतील उंसाच्या फडांत बिबट्या किती वाढला आहे हें आतां महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. माणिकडोह येथें तर पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं निवाराकेंद्रच आहे. दिवेलागणीनंतर मळ्यांतल्या मुलीला शिकवणीसाठीं गांवांत पाठविण्यास आईबाप धजत नाहींत, आणि त्यांत त्यांची कांहीं चूकही नाहीं. तेव्हां मुलींनीं आपल्या घरीं बसून शिकावें व सूनबाईंनीं आपल्या घरीं बसून शिकवावें, अशी ही योजना होती. तिच्यामुळें बारा-तेरा मुलींची सोय झाली, आणि सूनबाईंच्या हातीं स्वतःच्या कमाईचे चार पैसे येऊं लागले.

संगणक माजघरांत, लोखंडी कपाटाला लागून असलेल्या टेबलावर होता. राउटर माडीवर रस्त्याकडच्या खिडकींत. कारण इंटरनेटची कांचतंतूची तार तेथूनच घरांत येते. मधें दीड हात जाडीची दगडी भिंत. आम्हीं बाजारांतून नखाएवढें एक डोंगल आणलें, संगणकाच्या पाठीमागच्या खोबणींत बसविलें आणि काम झालें असें समजलों.

काम झालें नव्हतें. पाठ दहा मिनिटें नीट चाले. मग सूनबाईंचें चित्र गोठे, आवाज तुटे, आणि मुली एकीमागून एक "मॅडम, दिसत नाहीं" असें लिहून पाठवीत. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, या म्हणीस अनुसरून थोरल्या चिरंजीवांनीं सेकंदास पन्नास मेगाबिटांऐवजीं शंभर मेगाबिटांची वर्गणी भरली. फरक कांहींच पडला नाहीं. आड काठोकाठ भरलेला होता. पोहराच गळका होता.

अशांत एके दिवशीं सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मला वाटतं, पाठाचं रेकॉर्डिंग सुरू केलं कीं तुटतं." ज्या मुली गैरहजर असत त्यांच्यासाठीं त्या पाठ मुद्रित करून शेजारच्या खोबणींत लावलेल्या डिस्कवर सांठवीत असत. आम्हीं तीस वर्षें वर्गांत खडू झिजविलेला. आम्हीं त्यांस लगेच काकतालीयन्याय समजावून सांगितला. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, म्हणून कावळ्याच्या भारानें फळ पडलें असें होत नाहीं. रेकॉर्डिंगचा आणि लहरींचा संबंध काय? सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. आठ दिवसांनीं रात्रीं पानें वाढतां वाढतां त्यांनीं सांगितलें कीं, दिवाळीनंतर शिकवणी बंद करणार. "फी पूर्ण घ्यायची आणि पाठ अर्धा द्यायचा, हें मला बरं वाटत नाहीं." त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं एक कोरी वही काढली.

लहर म्हणजे काय, हें थोडक्यांत

वहींत काय टिपलें तें सांगण्यापूर्वीं या लहरींचा स्वभाव सांगणें जरूर आहे. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतें. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे लहरीचीं आंदोलनें सेकंदास दोनशें चाळीस कोटि. प्रकाशाच्या वेगास या संख्येनें भागलें असतां लहरीची लांबी निघते साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे सुमारें पांच इंच. ५ गिगाहर्ट्झची लहर याच्या निम्म्याहून कमी, सुमारें सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंतीआडून पुष्कळ अंशीं पार होते. आंखूड लहर वेगवान् निरोप नेते, पण जाड भिंतीपुढें लवकर हात टेंकते. धातूवरून दोन्ही परततात आणि पाणी दोघींनाही गिळतें. म्हणून लोखंडी कपाट, पत्र्याची आडभिंत, सळयांचा स्लॅब व पाण्याची टाकी हे वाय-फायचे चार शत्रु समजावे.

२.४ची पट्टी मोठी गजबजलेली असते. ब्लूटूथचीं उपकरणें, बिनतारी माऊस आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीं सर्व तेथेंच वावरतात. भारत सरकारनें २००५ सालीं ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठीं परवान्याच्या अटींतून मोकळी केली, म्हणून आज कोणीही गृहस्थ अर्ज न करतां राउटर लावूं शकतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीचे नियम २०१८ सालीं अधिक सैल झाले. गांवाचें गायरान मोकळें असतें तसाच हा प्रकार आहे. मोकळें आहे म्हणूनच तेथें गर्दी होते.

वहींतील आकडे

शिकणाऱ्यास येणारा वेग महत्त्वाचा, परंतु शिकविणाऱ्याचें चित्र व आवाज बाहेर जावयाचा असल्यामुळें त्यास जाणारा वेग महत्त्वाचा असतो. ही साधी गोष्ट प्रथम आमच्याही ध्यानांत आली नव्हती. पुढील आकडे जाणाऱ्या वेगाचे, सेकंदास मेगाबिट या मापाचे आहेत. प्रत्येक ठिकाणीं सायंकाळीं एकाच सुमारास पांच वेळां मोजून मधला आकडा घेतला. भाताचें एक शीत चांचपून सबंध भात शिजला कीं नाहीं हें कळतें, पण वाय-फायला तो स्थालीपुलाकन्याय लागूं पडत नाहीं. एका खोलीचें माप दुसऱ्या खोलीस चालत नाहीं, आणि सकाळचें सायंकाळीं चालत नाहीं.

राउटरशेजारीं मोबाईल धरून मोजलें, तेव्हां नव्वद आले. म्हणजे इंटरनेट पुरविणाऱ्याकडे दोष नव्हता. माजघरांत, संगणकाच्या पाठीमागच्या खोबणींत डोंगल असतांना अवघे चार. तेंच डोंगल संगणकाच्या पुढच्या खोबणींत लावलें, तेव्हां सात. मग नातवानें एक मीटर लांबीची यूएसबी जोडतार आणली. तिच्या टोंकास डोंगल लावून तें कपाटापासून दूर, लांकडी फडताळावर ठेवलें, तेव्हां सोळा. नव्या खर्चाशिवाय, केवळ जागा बदलल्यानें वेग चौपट झाला.

मग सूनबाईंच्या शब्दाची परीक्षा घेण्याचें ठरविलें. डोंगल पुन्हां पाठीमागच्या खोबणींत बसविलें आणि शेजारच्या डिस्कवर रेकॉर्डिंग सुरू केलें. चारावरून वेग एकाच्या खालीं गेला आणि जोडणी तुटली. रेकॉर्डिंग थांबविलें; जोडणी परत आली. सहा वेळां केलें, सहाही वेळां तसेंच झालें. मग डोंगल फडताळावर ठेवून रेकॉर्डिंग केलें. सोळाचे पंधरा झाले, एवढेंच.

काकतालीयन्याय येथें लागूं नव्हता. कावळ्यानें खरोखरच फांदी हलविली होती.

याचें कारण वाचून पाहतां समजलें. २००८ सालीं यूएसबीची तिसरी आवृत्ति निघाली. तींतून सेकंदास पांच हजार मेगाबिटांच्या वेगानें माहिती वाहते. हा प्रवाह चालू असतांना त्या खोबणींतून व तारेंतून विद्युत्-गोंगाट बाहेर झिरपतो, आणि नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टींतही पसरतो. संगणकांचे भाग बनविणाऱ्या इंटेल कंपनीनेंच २०१२ सालीं यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलें आहे. आमचें डोंगल त्या डिस्कच्या खोबणीपासून दोन बोटांवर होतें. राउटरचा क्षीण आवाज दगडी भिंतींतून गाळून येत होता आणि त्याच्या कानाशींच कोणी ढोल बडवीत होतें. ऐकूं येणार तें काय?

आम्हीं सूनबाईंस बोलावून वही दाखविली आणि आमची चूक कबूल केली. त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, मग उद्यां त्रिकोणमिति सुरू करतें."

शेजाऱ्याची शिकवण

हा प्रकार उलगडला तेव्हां आम्हांस खोडदच्या दुर्बिणीची आठवण झाली. आमच्या तालुक्याचा लहरींशीं संबंध जुना आहे. जवळच्या आर्वी येथें परदेशांशीं उपग्रहाद्वारें संदेशवहन करणारें भूकेंद्र उभारून १९७२ सालीं राष्ट्रास अर्पण करण्यांत आलें व त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचें नांव देण्यांत आलें. पुढें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनीं खोडदची दुर्बीण उभारली. तिच्या तीस तबकड्या आहेत व प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर आहे. चौदा तबकड्या मध्यभागीं जवळजवळ आहेत व उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंसारख्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. आकाशांतील हायड्रोजन वायूची एकवीस सेंटिमीटरांची, म्हणजे जवळजवळ वीतभर लांबीची लहर ती ऐकते. आपल्या घरच्या लहरीहून ती दुपटीपेक्षां थोडी कमीच लांब आहे. परंतु ती कोट्यवधि वर्षांचा प्रवास करून, इतकी क्षीण होऊन येते कीं, तिच्यापुढें आपलें डोंगल म्हणजे कर्णकर्कश नगारा.

म्हणून या दुर्बिणीभोंवतीं लहरींची शांतता राखावी लागते. तेथील शास्त्रज्ञ स्वतःचे संगणक व इतर यंत्रें धातूच्या आवरणाच्या खोल्यांत बंद ठेवतात, कारण संगणक हाच त्यांचा कानाजवळचा गोंगाट. आणि तबकड्यांनीं ऐकलेलें मध्यवर्ती कचेरींत कसें आणलें जातें? बिनतारी नव्हे, तर जमिनींतून नेलेल्या कांचतंतूंनीं. लहरींचे एवढे मोठे जाणकार, पण जेथें तार नेतां येते तेथें ते तारच वापरतात. या शांततेची किंमत आमच्या टापूला कळते. पुणें-नाशिक लोहमार्गाची नारायणगांवाकडून जाणारी आंखणी या दुर्बिणीमुळें अडली, याचें दुःख येथील पुष्कळांना आहे. तें दुःख खोटें नाहीं. परंतु कानाजवळच्या गलबल्यानें ऐकणाऱ्याचें काय होतें हें आमच्या माजघरांत पाहिल्यापासून आम्हांस शास्त्रज्ञांचें म्हणणेंही समजूं लागलें आहे. दुर्बिणीच्या मुख्य पट्ट्या सुमारें दीड गिगाहर्ट्झच्या आंतल्या आहेत. आपलें वाय-फाय त्यांत सरळ शिरत नाहीं. तथापि हलक्या बनावटीचीं विजेचीं उपकरणें खालच्या पट्ट्यांत नाहक गोंगाट सांडतात, हें येथील रहिवाशांनीं तरी विसरूं नये.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. प्रा. स्वरूप तरुणपणीं १९५३ ते १९५५ या काळांत ऑस्ट्रेलियांतील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन-संस्थेंत काम करीत होते. त्या संस्थेनें दिलेल्या बत्तीस लहान तबकड्या जोडून पुढें १९६५ सालीं आपल्या कल्याणजवळ सूर्याचें निरीक्षण करणारी दुर्बीण उभी राहिली. त्याच संस्थेंतील जॉन ओसलिव्हन या रेडिओ-ज्योतिर्विदानें आकाशांतील अतिसूक्ष्म कृष्णविवरांचे स्फोट ऐकूं येतात काय हें शोधतांना जें गणित हाताळलें, तें पुढें घरांतील भिंतींवरून परतणाऱ्या लहरींचा गोंधळ निस्तरण्यास उपयोगी पडलें. कृष्णविवरांचे स्फोट कांहीं सांपडले नाहींत. परंतु त्या पद्धतीचें अमेरिकन पेटंट १९९६ सालीं संस्थेस मिळालें, आणि वेगवान् वाय-फायच्या घडणींत ती पद्धत जाऊन बसली. आकाशाकडे लावलेला कान असा आपल्या माजघरापर्यंत पोंचला आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वीं

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कोणतें डोंगल घ्यावें? आमचें पहिलें उत्तर असें कीं, तार नेतां येत असेल तर डोंगल घेऊंच नये. राउटरपासून संगणकापर्यंत इथरनेटची तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत खुशाल चालते. तिला भिंतीची, भट्टीची वा शेजाऱ्याच्या राउटरची बाधा होत नाहीं. आमच्या घरीं तार माजघरांत आणावयाची तर देवघराची भिंत फोडावी लागली असती. ही गोष्ट घरांतील वडील मंडळींस रुचण्यासारखी नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही नव्हती.

दुसरें उत्तर असें कीं, राउटरची जागा आधीं पाहावी. देहलीदीपन्याय वाचकांस ठाऊकच आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आंतही उजेड देतो आणि बाहेरही. रस्त्याकडच्या खिडकींतला आमचा राउटर अर्ध्या लहरी रस्त्यावरच्या गुरांना ऐकवीत होता. तो आम्हीं जिन्याच्या माथ्यावर, उंच खुंटाळ्यावर आणला. तेथून लहरींना जिन्याच्या मोकळ्या तोंडानें खालीं उतरावयास वाट मिळाली. फडताळावरच्या त्याच नखाएवढ्या डोंगलाचा वेग सोळावरून अठ्ठावीस झाला. चित्रासह पाठ देण्यास सेकंदास तीन-चार मेगाबिट पुरतात.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. राउटर हलविण्यापूर्वींच आम्हीं उतावळेपणानें एक महाग, दोन पट्ट्यांचें डोंगल विकत आणलें होतें. ५ गिगाहर्ट्झवर तें त्या जाड भिंतीआड अजिबात पोंचलें नाहीं. राउटर जिन्याशीं आणल्यावर त्याचा वेग सत्तरपर्यंत गेला खरा, परंतु तोंवर जुन्यानेंच काम भागूं लागलें होतें. दुसऱ्या डोंगलाचे पैसे आम्हीं जमाखर्चांत 'अज्ञानाची फी' या सदराखालीं लिहिले आणि तें पडवींतल्या नातवंडांच्या संगणकास देऊन टाकलें.

घ्यावयाचेंच झाल्यास

एवढें करूनही ज्यांस डोंगल घेणें भाग आहे त्यांनीं पुढील गोष्टी पाहाव्या.

एकपट्टी कीं दुपट्टी? राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल आणि मधें फार तर एक साधी भिंत असेल, तर दुपट्टी घ्यावें. गर्दींतून सुटका होते. दगडी किंवा दुहेरी भिंती मधें असतील, तर २.४चाच आधार राहणार हें समजून चालावें. केवळ ५ गिगाहर्ट्झच्या भरंवशावर राहूं नये.

खोक्यावरच्या आंकड्यानें भुलूं नये. 'एसी ६००' असें लिहिलेलें असतें. तो आंकडा २.४वरचे दीडशें आणि ५वरचे चारशें तेहतीस यांची बेरीज वर सरकवून केलेला असतो. 'एसी १३००' म्हणजे चारशें आणि आठशें सदुसष्ट यांची बेरीज. परंतु डोंगल एका वेळीं एकाच पट्टीवर बोलतें, तेव्हां बेरजेला अर्थ राहत नाहीं. आणि त्या एका पट्टीचाही प्रत्यक्ष वेग निम्म्याच्या आसपासच मिळतो. शिवाय हे आकडे बिटांचे. आठ बिटांची एक बाइट होते, म्हणून शंभर मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. विद्यार्थ्यांस हें उदाहरण म्हणून सोडवावयास देण्यासारखें आहे.

पिढी पाहावी. वाय-फायच्या चौथ्या पिढीचें मानक २००९ सालीं, पांचवीचें २०१३ सालीं व सहावीचें २०२१ सालीं मान्य झालें. राउटर चौथ्या पिढीचा असतांना सहाव्या पिढीचें डोंगल घेणें म्हणजे बैलगाडीस मोटारीचें चाक लावणें होय.

कान मोठा असावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीस नीट ऐकावयाचें तर साधा आकाशतार लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे सुमारें तीन सेंटिमीटर लागतो. नखाएवढ्या डोंगलांत तो दुमडून कोंबलेला असतो, म्हणून दुरून ऐकण्यांत तें कमी पडतें. लॅपटॉपास तें सोयीचें, कारण आंत-बाहेर काढतांना मोडत नाहीं. एका जागीं राहणाऱ्या संगणकास मात्र उभी दांडी असलेलें डोंगल चांगलें. तें उंच, मोकळ्या जागीं, जोडतारेच्या टोंकास ठेवावें. जोडतार बरोबर येते कीं नाहीं हें दुकानांतच विचारावें. आमच्या मतें डोंगलाहून जोडतारेचेंच महत्त्व अधिक.

शेवटीं, कोणत्याही बिनतारी उपकरणास आपल्या देशांत दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेची मान्यता असावी लागते. निनांवी, बिनपावतीचा माल चार पैसे स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

बसवितांना

डोंगल हें यंत्र आणि त्यास चालविणारा 'ड्रायव्हर' नांवाचा प्रोग्राम यांची जोडी अंधपंगुन्यायाची आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला तरच दोघेही वाट चालतात. चालू काळांतील विंडोज बहुतेक डोंगलें आपोआप ओळखतें. न ओळखल्यास ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि इंटरनेट तर डोंगलाशिवाय नाहीं! पुष्कळ जण येथेंच अडतात. यास सोपा उपाय आहे. मोबाईल यूएसबी तारेनें संगणकास जोडावा आणि मोबाईलमधील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावें. तेवढ्यापुरतें मोबाईलचें इंटरनेट संगणकास मिळतें व ड्रायव्हर उतरवितां येतो. तो बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या स्थळावरूनच घ्यावा, भलत्या ठिकाणाहून घेऊं नये. विंडोज दहाव्या आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें कित्येकांनीं जुना संगणक लिनक्सवर नेला आहे. त्यांनीं डोंगल घेण्यापूर्वींच त्याच्या आंतील चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांत आहे कीं नाहीं हें पाहावें. नाहीं तर पुढें डोकें धरून बसावें लागतें.

घराच्या दारास कुलूप असतें तसें वाय-फायलाही असावें. 'डब्ल्यूईपी' हें जुनें कुलूप २००१ सालींच कुचकामी ठरलें आहे. २००४ पासूनचें 'डब्ल्यूपीए-दोन' किंवा २०१८ पासूनचें 'डब्ल्यूपीए-तीन' निवडावें आणि राउटरबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. एकत्र कुटुंबांत आल्यागेल्यास परवलीचा शब्द सांगण्याची रीत असते; त्यासाठीं राउटरवर पाहुण्यांची वेगळी जोडणी काढून द्यावी. पाहुणा ओसरीवर बसतो, तिजोरीच्या खोलींत नव्हे.

उपसंहार

दिवाळी आली आणि गेली. शिकवणी बंद झाली नाहीं. सायंकाळीं माजघरांतून त्रिकोणमितीचे शब्द ऐकूं येतात तेव्हां आम्ही ओसरीवर बसून ऐकतों. डोंगल फडताळावर आहे, डिस्क तिच्या खोबणींत आहे, आणि दोहोंत एक मीटरचें अंतर आहे. आमची वहीही तेथेंच ठेवली आहे.

आमच्या अनुभवाचें सार एवढेंच. अधिक शक्तीचें साधन शोधण्यापूर्वीं साधनाभोंवतींची शांतता शोधावी. जें फुकट होतें तें आधीं करावें, स्वस्त होतें तें मग, आणि महाग तें अगदीं शेवटीं. आणि घरांतील जो मनुष्य त्या यंत्रापुढें रोज बसतो, त्यानें जें पाहिलें तें न्याय सांगून उडवून लावूं नये. प्रथम वहींत टिपावें व पडताळून पाहावें. वाचकांपैकीं कोणीं आपल्या घरीं असे प्रयोग केले असतील, तर त्यांनीं आपले आकडे या मासिकाकडे अवश्य पाठवावे. आमच्या वहींत अजून पुष्कळ पानें कोरीं आहेत.